गाढवाला दिलेलं आमंत्रण

ट्युनिशियात केफच्या डोंगराखालच्या त्या गावात कुणाचं लग्न, कुणाची सुंता, हे घरोघर सांगायचं काम दौजाखालाचं. शाझलियाच्या दारापाशी मात्र घोडं पेंड खायचं. कोंबड्यावरून भांडण झाल्यापासून दोघींचा अबोला होता.

अशात सुआदच्या मुलाचं लग्न ठरलं. सुआदने बजावलं, “खाला, एकही घर सुटता कामा नये हं.”

नाइलाजाने दौजा शाझलियाच्या अंगणात गेली आणि तिथे बांधलेल्या गाढवाला म्हणाली, “बाबा रे, तुझ्या मालकिणीला सांग, गुरुवारी मेंदी आहे आणि शुक्रवारी जेवण.”

आतून शाझलिया मांजरीला म्हणाली, “विचार गं, कुसकुस कोण रांधणार आहे? ही रांधणार असेल तर मी घरूनच जेवून जाईन.”

दौजाला राहवलं नाही. “मीच रांधणार. का, काय वाईट असतं माझं कुसकुस?”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. शाझलिया दारात आली.

“मीठ कमी पडतं,” ती म्हणाली. “आत ये. चहा ठेवलाय.”

उरलेल्या गल्लीला आमंत्रण दुसऱ्या दिवशी मिळालं. उशीर झाला म्हणून रुसलेल्या बायकांची समजूत काढायला दोघी मिळून गेल्या.