धनुकलीची तात

बायको गेली त्याला त्या रविवारी वर्ष झालं. नेमकं त्याच दिवशी पोरीनं तीन गोऱ्यांना घरी वाजवायला बोलावलं. मी नको म्हणालो.

अमेरिकेत, नेपरव्हिलला मी पोरीजवळ राहतो. दिवसभर ती कॉम्प्युटरवर असते, संध्याकाळी एक वाद्य गुडघ्यांत धरून बसते. व्हायोल. व्हायोलिन नव्हे, ही सारंगीची थोरली बहीण दिसते. चारशे वर्षांपूर्वीचं संगीत, म्हणे. चौघं वाजवतात, म्होरक्या कुणी नाही. एकजण नाकानं श्वास घेतो, तो ऐकून बाकीचे सुरू करतात.

हे तिनं कौतुकानं सांगितलं होतं. मी तोंडावर म्हणालो, "परक्यांचा श्वास बरा ऐकू येतो तुला. आईचा शेवटचा ऐकायला आली नाहीस."

आई गेली त्या दिवशी हिचा कार्यक्रम होता. फोन बंद. हॉस्पिटलात मी एकटा, नर्स काय म्हणते तेही कळत नव्हतं.

तर वर्षश्राद्ध. मी म्हटलं, "मेंढीच्या आतड्याच्या तारा त्या. आजच्या दिवशी घरात नको."

"बाबा, प्लीज! कापूस पिंजायच्या तुमच्या धनुकलीची तात कशाची होती? सुताची?"

मी बायकोचा फोटो पुसायला घेतला. चाळीस वर्षं कापूस पिंजून गाद्या भरल्या, त्यावर ही शिकली. ती तातही आतड्याचीच.

गोरे आले. एकीनं फोटोपुढं फुलं ठेवली, देठ बायकोच्या तोंडाकडं करून. मग अर्धा तास नुसते सूर लावत बसले. या वाद्याच्या दांडीवर सतारीसारखे पडदे असतात, तेही तातीचेच बांधतात. हीटरनं लाकूड सुकलं होतं, पोरीचा एक पडदा ढिला होऊन घसरायला लागला. ती नवा बांधायला गेली. दोनदा गाठ सुटली.

"कॅन्सल करू या," ती त्यांना म्हणाली.

मला तेच हवं होतं. तोंडातून मात्र निघालं, "आण इकडं. गादीवाल्याची पोर आणि गाठ येत नाही!"

दोन वेढे घेतले, ताणून गाठ मारली, टोकं काडीनं जाळून बोंडं केली. ही गाठ बायकोची. माझ्या गाठी सुटायच्या, म्हणून तात तीच बांधायची आणि मला शिव्या घालायची.

पोरीनं श्वास घेतला. तो मला ऐकू आला. पुढचं काही कळलं नाही. रडकं आणि लांबलचक.

संपल्यावर तिनं विचारलं, "आईला आवडलं असतं?"

"झोपली असती," मी म्हणालो. "धनुकली वाजायला लागली की भिंतीला टेकून झोपायची ती."

पोर रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला नाही. माफ केलेलं नाही अजून. पण आणखी एक पडदा ढिला दिसत होता.

"डोळे पूस," म्हटलं, "आणि काड्यापेटी दे."