एका चापाची दुनळी

बाबांची बंदूक आजोबांकडून आलेली. कोकणात रानडुकरं हाकलायला आजोबांनी लायसन्स काढलेलं, पुढे ते बाबांच्या नावावर झालं आणि त्या बंदुकीच्या जोरावर बाबांना वागळे इस्टेटमधल्या एका बँकेच्या दारात गार्डची नोकरी लागली. स्वतःची बंदूक असलेला माणूस एजन्सीला लगेच हवा असतो. बंदूक गेली की नोकरीही गेली. आमचं कळव्यातलं घर त्या नोकरीवर चालायचं.

दुनळीला सहसा दोन चाप असतात, प्रत्येक नळीला एक. आमच्या बंदुकीला एकच. पहिल्यांदा ओढला की उजवी नळी उडते, त्या धक्क्याने आतली कळ सरकते, पुन्हा ओढला की डावी. बाबांना याचं भारी कौतुक. बँकेत आलेल्या कुणालाही थांबवून सांगायचे. मी वैतागायचे. "बाबा, त्याला पासबुक भरायचंय, तुमची बंदूक नाही बघायची."

एजन्सी वर्षातून एकदा गार्डांकडून फायरिंग करून घेते. गेल्या खेपेला बाबांच्या दोन्ही नळ्या एकदम उडाल्या. घरी आले ते खांदा काळानिळा करून. म्हणाले, चाप बिघडलाय. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." बाबाही हसले. आमच्या घरात असंच आहे, आधी जखमेवर मीठ चोळतात, मग हळद लावतात.

एजन्सीच्या साहेबाने बजावलं, बंदूक दुरुस्त करून पुन्हा फायरिंग द्या, नाहीतर ड्यूटी बंद. कारागिराने बंदूक खोलली, स्प्रिंग बदलली, तेल घातलं. फायरिंगला तो आला, मीही गेले. खांद्याला बंदूक अडकवून चालताना बाबांना दम लागत होता, पण मला हात लावू देईनात. लायसन्स त्यांचं ना.

कारागिराने आधी स्वतः उडवून बघितली. एक बार, मग दुसरा. काही अडचण नाही. मग बाबांनी धरली आणि दोन्ही एकदम. बाबा मागे धडपडले.

"बघा, आहे की नाही बिघडलेली?"

कारागिराने पुन्हा उडवली. पुन्हा नीट. तो जरा चाचरला. "काका, राग मानू नका. पहिल्या बाराला बंदूक मागे येते. खांद्याने घट्ट अडवली नाही तर ती उसळून पुढे जाते आणि चाप तुमच्याच बोटावर आपटतो. तुम्ही ओढलेला नसतो, तरी दुसरा बार उडतो. बंदुकीत काही नाही."

मला त्या माणसाचा संताप आला. खरं बोलत होता म्हणूनच आला. मग मी बाबांच्या उजव्या दंडाकडे बघितलं. शर्टाच्या बाहीत दंड होता की नव्हता, कळत नव्हतं. रोज एका ताटात जेवतो आम्ही, आणि हे मला दिसलं नव्हतं.

वर्तकनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, स्नायू झिजतायत, हे थांबवता येणार नाही. बाबांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर म्हणाले, "डॉक्टर काहीतरीच बोलतो. चाप बदलला की होईल." शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, जो येईल त्याला चापाचं सांगायचे. आम्ही दोघी माना डोलवायचो. दुसरं काय करणार होतो?

नोकरी गेलीच. परवानगी काढून बंदूक विकायचं ठरलं. दुकानदाराने ती उघडून, नळ्यांतून उजेडाकडे बघितलं. "काका, एवढी छान वस्तू का काढताय? काही दोष आहे का?"

बाबा शर्टाची उजवी बाही खाली ओढायला लागले. मला ते बघवेना. मीच म्हटलं, "चाप खराब आहे. दोन्ही नळ्या एकदम उडतात."

"खोटा कित्याक बोलतस गो?" मनाला लागलं की बाबा गावच्या बोलीत शिरतात. दुकानदाराकडे वळून म्हणाले, "बंदूक बरी आसा. माझो खांदो गेलो."

दुकानदाराने मान खाली घातली आणि कागद पुढे सरकवला. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं आणि सही केली. खूप वेळ लागला. मी हात पुढे केला नाही. बाबांच्या हातची ती शेवटची सही. आता अंगठा घेतात, तोही मी धरून टेकवते.