शेजारणीच्या सहा खुर्च्या

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचा मला मनस्वी तिटकारा आहे, आणि त्या बायकांत पहिला नंबर माझा.

माझी शेजारीण इंग्रज होती, ब्याऐंशी वर्षांची, एकटी. मागच्या वर्षी गेली. एवढ्या वयाच्या बाईला मी 'अहो' म्हणायला हवं होतं, पण पहिल्याच दिवशी तिने मला तिच्या नावाने हाक मारायला लावलं. आमची घरं एकाच भिंतीची. नवरा हॉस्पिटलात ड्युटीवर आणि मी घरात रडत, असे माझे इथले पहिले महिने तिच्यामुळे निभले. साताऱ्याला माझी आई गेली तेव्हा मला वेळेत तिकीट मिळालं नाही. शेजारीण तीन दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसून होती. सांत्वनाचे चार शब्द बोलायला तिला जमत नव्हतं, म्हणून बटाटे सोलत बसली. मंडळातल्या मैत्रिणींनी व्हॉट्सॲपवर हात जोडले, आणि झालं.

पुढे मी घरी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. खुर्च्या कमी पडत होत्या. तिने आपल्या सहा घडीच्या खुर्च्या आणून दिल्या, म्हणून तिलाही बसवलं. लाल लिपस्टिक लावून, नवा कार्डिगन घालून आली होती.

मंडळातल्या बायका म्हणजे बघण्यासारखा प्रकार. निम्म्या डॉक्टर. महिलादिनाला स्टेजवरून अशा बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, जग यांनीच सुधारलं. मी कुंकू लावत शेजारणीपर्यंत पोचले. तिने डोळे मिटले, कपाळावरचे पांढरे केस एका हाताने मागे धरले आणि चेहरा पुढे केला. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची भूलतज्ज्ञ बाई कुजबुजली, "अगं, शी इज अ विडो ना? तिला नको लावूस. तिळगूळ दे फक्त, दॅट्स इनफ."

एवढं शिकून हे दिवे लावले बाईने. पण तिला काय बोलू? बोट माझं होतं. त्या बोटाचं कुंकू मी भूलतज्ज्ञ बाईला लावलं आणि पुढे सरकले. शेजारीण डोळे मिटून तशीच बसली होती. मग तिने हळूच केस सोडले.

बायका गेल्यावर ती माझ्याबरोबर कपबशा विसळायला थांबली. "माझं काही चुकलं का?" तिने विचारलं.

"छे! त्यात केमिकल असतं. तुझ्या स्किनला ॲलर्जी आली असती."

"किती काळजी करतेस माझी," ती म्हणाली. आयुष्यभर उघड्या हातांनी गुलाबाची झाडं छाटणारी, दुकानातली सगळ्यात स्वस्त लिपस्टिक लावणारी बाई. तिची स्किन नाजूक! मला माझीच किळस आली, पण खरं काही बोलवलं नाही. मंडळातून नाव कापलं जाईल, याची भीती. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला मी तिला बोलवायला गेलेच नाही. दुपारी दारात तीच उभी. तीन खेपा करून सहाही खुर्च्या आणल्या, माझ्या हॉलमध्ये उलगडून ओळीत मांडल्या. या वर्षी लिपस्टिक नव्हती.

"मी निघते हं," ती म्हणाली. "माझ्या स्किनचं तुला माहितीच आहे."

तिने माझं खोटं माझ्याचसाठी जपून ठेवलं होतं. दहा मिनिटांत बायका येणार होत्या. मी तिला थांब म्हटलं नाही.

बायका आल्या, तिच्या खुर्च्यांवर ऐसपैस बसल्या. भिंतीपलीकडे तिचा टीव्ही लागला, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात. "किती मोठ्याने लावते गं तुझी शेजारीण," भूलतज्ज्ञ बाई म्हणाली. मी हसले, करंडा उचलला आणि तिच्यापासून सुरुवात केली.