नाकाचं पॉलिश

माझे काका तंबाखू ओढायचे लाकडी पाइप बनवतात आणि शेवटचा हात त्यांवर नाकाने फिरवतात. वाक्य चुकलेलं नाही. काचपेपरने घासून, तेल पाजून, मेण चोळून झालं की पाइपचं गोल डोकं ते नाकपुडीच्या बाजूला टेकवतात आणि सावकाश फिरवत बसतात. तिथल्या खाचेत जो ओशटपणा साचतो, तो म्हणे लाकडाला मानवतो. लोक कुणापुढे तरी नाक घासतात, आमचे काका पाइपवर घासतात.

काकूने त्यांचा टॉवेल कधीच वेगळा केलाय. उशीचा अभ्रा ती चिमट्याने उचलते. मी शिकायला त्यांच्याकडे राहतो, आणि माझं नाक जास्त तेलकट आहे हे काकांनी आल्या आल्या हेरलं. थंडीत एकदा लाडात येऊन म्हणाले, "इकडे ये रे जरा. माझं नाक कोरडं पडलंय." मी न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली.

बाकी कामात माणूस काटेकोर. लाकडाच्या रेषा देखण्या असतील तर पाइप गुळगुळीत ठेवायचा. बारीक खड्डे निघाले तर पुट्टी भरून लपवाछपवी नाही, सगळं अंगच टोचून खडबडीत करायचं. आणि लॅकरच्या चकचकीत रोगणाचं नाव काढलं की काका थुंकायलाच उठतात. "लाकडाला प्लास्टिकची पिशवी घालायची? तापलं की फोड येतात, बोटांना चिकटतं. शी!"

शी कोण म्हणतंय बघा!

त्यांचा माल घेणारं दुकान एकच. त्या दुकानदाराचा निरोप आला की कारखान्याचे चकचकीत पाइप मिळायला लागलेत, तुमचे पुढे ठेवायचे की नाही ते माल बघून ठरवतो. काकूने दम भरला, "अहो, तो येऊन जाईपर्यंत हात नाकाकडे गेला ना, तर मी चालले माहेरी."

"आणि शिंक आली तर?"

"गिळा!"

दुकानदार आला तो काकांनीच केलेला पाइप तोंडात धरून. खिडकीशी मांडलेल्यांतले खडबडीत त्याला पसंत पडले. गुळगुळीत एक उजेडात धरून मात्र तो म्हणाला, "मिस्त्री, तुमची नेहमीची मऊ झळाळी नाही यात. मग कारखान्याचा माल काय वाईट?"

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी पाइप हिसकावला आणि आमच्या देखत नाकाच्या दोन्ही बाजूंनी यथासांग फिरवला. "हं, आता बघा!"

काकूने डोळे मिटले. दुकानदाराने तोंडातला पाइप हळूच बाहेर काढला.

"हासुद्धा?"

"छे छे!" काका म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोच पुढचं आलं, "त्याची गोष्टच वेगळी. तेव्हा मला सर्दी होती."

दुकानदाराने खिशातून रुमाल काढला. त्याने ओठ पुसले, मग जीभ पुसली, मग रुमालच तिथे टाकून दिला. "यापुढे प्रत्येक पाइपला लॅकर. दोन हात. नाहीतर आपला व्यवहार संपला," म्हणाला आणि जिना उतरला.

काका जेवेनात. शेवटी काकू म्हणाली, "दुसरं दुकान आहे का कुठे? की भुसा खायचाय?" तेव्हा त्यांनी लॅकरचा डबा उघडला.

आता घरभर तो वास आहे. चादरीला येतो, पिण्याच्या पाण्याला येतो. काकूने काकांच्या नाकातोंडावर फडकं बांधून मागे गच्च गाठ मारलीय. ते पाइप बुडवतात आणि बोटं दूर धरून तारेला टांगतात. प्रत्येक पाइपच्या बुडाशी चिकट थेंब लोंबतो. ही नाकं गळताहेत असं दिसतंय, मी म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही.

"शी," काकू पदर नाकाला लावत म्हणाली, "यापेक्षा ते..."

"काय?" काकांनी फडक्याआडून विचारलं.

"काही नाही. खिडकी उघडते."