टॉर्चच्या वाट्याचे टमाटर

अन्याय माझ्या मावशीवर झाला. गेल्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, ती गिरडजवळच्या मळ्यात वांगी तोडत असताना. अन्याय करणारा तिच्याच मोबाइलमध्ये बसला होता: जाहिरात पाहून उतरवलेलं फुकटचं टॉर्च अ‍ॅप. त्यानं तिच्या ओळखीच्या झाडून सगळ्या नंबरांवर तिच्या नावानं मेसेज सोडले, ‘फुकट साडी मिळवा, लिंक दाबा’. जामच्या चौकातल्या ढाबेवाल्यानं दाबली. त्याचा मोबाइल घाण जाहिरातींनी भरला आणि त्यानं मावशीचा नंबर ब्लॉक केला. रोज घासाघीस न करता वांगी घेणारं तिचं एकुलतं गिऱ्हाईक गेलं.

मी पत्रकं लिहिणारी. लगेच एक लिहिलं: ‘परवानगीच्या नावाखाली घरफोडी’. मावशीनं वरच्या तीन ओळी वाचल्या.

“एवढं काऊन लिहून राह्यली, बाई? ढाबेवाला हे वाचन का?”

वाचणार नव्हताच. मग दाखवायचं ठरवलं. टॉर्च मी बंद पाडून पुराव्यासाठी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशीची भाजीची टोपली घेऊन आम्ही दोघी ढाब्यावर.

“काकू, मले साडी नाई पाह्यजे,” ढाबेवाल्यानं लांबूनच सांगितलं.

मी बाजेवर टोपली ओतली. अ‍ॅपला कामासाठी जी परवानगी लागतेच, तिला हिरवी मिरची. नसली तरी चालेल, तिला लिंबू. कामाशी संबंध नाही आणि घात करू शकते, तिला टमाटर. मावशीच्या हवामानाच्या अ‍ॅपला गाव कळायला हवं: मिरची. आभाळाचे फोटो टाकायची सोय म्हणून फोटो मागतं: लिंबू. टॉर्चला कॅमेऱ्याचा दिवा लावायचा, म्हणून मिरची. मग ओळखीचे नंबर, टमाटर. मेसेज, टमाटर. माइक, टमाटर.

“उजेड पाडायले कान कायले लागते?” शेजारी जेवणारा ट्रकवाला म्हणाला.

“पण काकूनं हो काऊन म्हटलं?” ढाबेवाला.

“भाऊ, तुमचा मोबाइल द्या.”

त्यात म्हातारपणीचा चेहरा दाखवणारं एक अ‍ॅप होतं. त्याला मांडता मांडता टोपलीतले टमाटर संपले, ढाब्याच्या स्वयंपाकघरातून मागवावे लागले. ट्रकवाला जेवण सोडून मांडायला आला.

“घ्या भाऊ, चटणी वाटा,” मावशी म्हणाली.

त्यानं आधी ते अ‍ॅप उडवलं, मग मावशीचा नंबर मोकळा केला. “उद्यापासून वांगे आणजा, काकू.”

“वांगे आणतो. लिंक नाई आणत.”

मावशीच्या मोबाइलला स्वतःचा टॉर्च पहिल्यापासून होता. ‘मान्य’चं बटण ठळक, ‘नको’चं फिकट, हे तिनं रंगवलं नव्हतं. चूक मागणाऱ्याची.

आता तुम्ही. पान उलटू नका. मोबाइल काढा, सेटिंगमध्ये परवानग्या उघडा आणि एकेका अ‍ॅपला विचारा, तुला हे कशाला? उत्तर सापडलं नाही, तर तो टमाटर समजा आणि ती परवानगी काढून घ्या. आत्ता, बसल्या जागी.