समजूतदार

डॉक्टरांनी आत्याला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. "मला पुन्हा शाळेत घालताय की काय?" म्हणत तिने ते काढलं, काटेही बरोबर लावले. शेजारी बसलेला तिचा मुलगा, सुहासदादा, हसून म्हणाला, "वरवर ठीकच वाटते हो, डॉक्टर. पण राहतं घर विकायला नाही म्हणते. या वयात एकटी राहणार म्हणे! हे काय शहाण्या माणसाचं लक्षण आहे?"

त्याला आत्याची निर्णयक्षमता गेल्याचा दाखला हवा होता. तो मिळाला, तर कोर्टात जाऊन तिच्या घराचा निर्णय त्याला आपल्या हातात घेता येणार होता.

मी सोबत म्हणून आले होते. आपण काय करतोय, त्यात आपलं हित आहे की नुकसान, हे ज्याला समजतं त्याचं मन कायद्याला धड वाटतं. निर्णय इतरांना पटायलाच हवा, असं कायदा कुठे म्हणत नाही. घरची माणसं मात्र तेवढंच बघतात. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा आत्याने भावांना फुकट सोडून दिला, तेव्हा तिला कुणी डॉक्टरकडे नेलं नव्हतं. तेव्हा सगळे तिला समजूतदार म्हणाले. त्या भावांत माझे बाबाही होते.

बाहेर आल्यावर दादाने गाडीचं दार उघडलं. "बस, आई."

"तू जा. मी रिक्षाने माझ्या घरी जाते," म्हणून आत्या रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

दादा माझ्याकडे वळला. "बघितलंस ना? डॉक्टरांना हेही सांगायला हवं."