टीप टाका, खोडू नका

"खोडू नका हो, खाली टीप टाका," असं म्हणताना ते गृहस्थ उजव्या हाताची तर्जनी जमिनीकडे दाखवत. खाली म्हणजे कुठे, याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहू नये म्हणून.

२०१६च्या सुमारास ॲथलोन या आयरिश गावातल्या आमच्या ऑफिसात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनत होतं. डेटाबेसमधलं कुठलं फंक्शन काय करतं, हे सांगणारी पानं लिहिणं आणि सांभाळणं हे या गृहस्थांचं काम. मूळचे पुण्याचे, पन्नाशीला टेकलेले. शर्टाला एक सुरकुती नसायची. आपल्या पानांनाही नाही, असा त्यांचा ठाम समज होता.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. भिंतीला ओल आली की तिच्यावर कॅलेंडर टांगणारे. पानावरची चूक कोणी दाखवली की हे चुकीचं वाक्य जागच्या जागी ठेवत आणि पानाच्या तळाशी टीप लिहीत. टीप चुकली तर टिपेखाली आणखी टीप. खोडलं की आधी चुकलं होतं हे सिद्ध होतं, आणि ते सिद्ध होणं या माणसाला मंजूर नव्हतं. मी त्यांना कितीदा तरी सांगितलं, की लोक वरचंच वाचतात. ते म्हणायचे, "मग लोकांनी वाचायला शिकावं."

गणपतीत आम्हाला जेवायला बोलावलं होतं. इथल्या जुन्या घरांत बेसिनला गरम-थंडाचे दोन वेगळे नळ असतात. यांच्या घरात त्यांवरच्या खुणा उलट्या बसल्या होत्या. खुणा बदलणं दोन मिनिटांचं काम. यांनी खाली चिठ्ठी चिकटवली होती: 'लाल खुणेचा नळ थंड आहे.' मी ती वाचत उभी राहिले, तर त्यांच्या बायकोने मागून सांगितलं, "त्यांच्या टिपा वाचत बसू नका, आधी बोट लावून बघा." त्या घरात अक्कल कोणाकडे आहे ते मला तिथेच कळलं.

आमच्याकडे दोन तारखांमधले दिवस मोजणारं एक फंक्शन होतं. पान म्हणायचं, शेवटचा दिवस धरला जात नाही. फंक्शन मात्र तो बिनदिक्कत धरायचं. पान चुकलं होतं, बस. हे खरं पानाच्या अगदी तळाशी, तीन अनावश्यक टिपांच्या खाली, चौथी टीप होऊन बसलं होतं.

केतकी नागपूरची, नवीन, अजून प्रोबेशनवर. वर्क परमिट त्या नोकरीलाच बांधलेलं. रुग्णांना अपॉइंटमेंटची आठवण आदल्या दिवशी जावी, हे काम तिच्याकडे आलं. तिने पानावरचं पहिलं वाक्य वाचलं, त्यावर विश्वास ठेवला आणि तसा कोड लिहिला. मेसेज गेले, पण आदल्या दिवशी नाही, त्याच दिवशी. सकाळच्या वेळा असलेले कितीतरी लोक पोचलेच नाहीत. दवाखान्याने तक्रार केली.

मीटिंग झाली. आमची मॅनेजर शिनेड इथलीच, सरळ बाई. पान बरोबर आहे की चूक, एवढंच तिने यांना विचारलं. मी सगळ्यांसमोर फंक्शन चालवून दाखवलं होतं. आता 'चूक' असा एक शब्द यांनी बोलायचा होता, की केतकीची नोकरी वाचत होती. हे म्हणाले, माहिती पानावर आहे, टीप वाचायला हवी होती.

"ग्रँड," शिनेड म्हणाली. या देशात ग्रँडचे पन्नास अर्थ होतात. त्या दिवशीचा अर्थ होता, विषय संपला. केतकीची नोकरी गेली.

नंतर कॅन्टीनमध्ये मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते चहा ढवळत राहिले. मग हळूच म्हणाले, पहिल्या नोकरीत त्यांनी स्वतः जाऊन एक चूक कबूल केली होती, आणि त्याच संध्याकाळी त्यांना घरी बसवलं होतं. मला वाईट वाटलं. पण खरं सांगते, रागही तितकाच आला. भीती यांची आणि त्या भीतीचं भाडं भरायचं केतकीने, हा कुठला न्याय?

पुढच्या वर्षी ते कायमचे पुण्याला निघाले. शेवटच्या दिवशी केक कापून झाल्यावर माझ्या टेबलापाशी आले.

"ते दिवस मोजायचं पान आहे ना. वरचं वाक्य मी गेल्यावर खोडा. मी असताना नको."

मी तिथल्या तिथे पान उघडलं, त्यांच्यादेखत ते वाक्य खोडलं आणि बरोबर वाक्य लिहिलं. चारही टिपा काढून टाकल्या. त्यांनी वाकून वाचलं. तर्जनी सवयीने खाली जाऊ लागली होती, ती त्यांनी मुठीत मिटली. मग केतकीचा नंबर मागितला. मी दिला.

केतकीला बऱ्याच खटपटीनंतर दुसरी नोकरी मिळाली होती. ती आता नास नावाच्या गावात राहत होती. काही महिन्यांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा त्यांचा विषय निघाला आणि तिचा चेहरा कडू झाला.

"मेसेज आला होता ना त्यांचा. सॉरी नाही, काही नाही. हे बघा ताई."

तिने फोन माझ्या हातात दिला. 'आपणांस कळविण्यात येते की सदर पानावरील वाक्य आता दुरुस्त करण्यात आले आहे,' अशी सुरुवात. पुढे नव्या व्हर्जनची माहिती, नमस्कार, शुभेच्छा, सगळं सरकारी थाटात. मी मेसेज वर सरकवत गेले. सहीनंतर बरीच मोकळी जागा होती आणि तिच्याखाली एक ओळ.

'टीप : चूक माझी होती. हे मी मीटिंगमध्ये म्हणायला हवं होतं.'

मी फोन केतकीपुढे धरला. तिने इथवर वाचलंच नव्हतं. ती ओळ तिने दोनदा वाचली.

"हे वर लिहिता आलं नसतं का त्यांना?" ती म्हणाली.